अडगळीच्या खोलीतली साक्ष

किल्लीवाल्याने ठरवलं की यापुढे मन फक्त सार्वकालिक गोष्टींवर ठेवायचं. ठरवलं ते सोमवारी सकाळी, चहा पिताना, आणि लगेच बायकोने दिलेली कामांची यादी त्याने तिला परत केली. (यादीत सर्वांत वर अडगळीच्या खोलीच्या दाराची आतली सैल मूठ होती. ती तीन महिने वरच होती.) जे डोळ्यांना दिसतं ते आज ना उद्या जाणारच, असं त्याने तिला समजावलं. मूठ जाणारच आहे हे मीही तीन महिने सांगतेय, असं ती म्हणाली.

कारणही तसंच होतं. रोजच्या धबडग्यात नजर देवाकडे कशी ठेवावी, यावर येत्या रविवारी चर्चच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगायला, पाळकसाहेबांनी त्याला सांगितलं होतं. वीस वर्षं तो शेवटच्या बाकावर बसत आला होता. मंडळीतल्या निम्म्या घरांची कुलपं त्याने उघडली होती, पण तोंड उघडायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगितलंय तर पोकळ बोलायचं नाही, आधी तसं जगायचं, एवढा तो प्रामाणिक होता.

म्हणून रोज सकाळी अडगळीच्या खोलीत दार लावून प्रार्थना सुरू झाली. घरात तेवढी एकच खोली अशी होती जिथे कुणाचं काही काम नसे. पण सोमवारी पाचव्या मिनिटाला दूध उतू गेल्याचा वास आला आणि तो बाहेर आला. मंगळवारी फोन वाजला, तो बाहेर आला. (फोन मुलीचा होता. मुलगी कॉलेजात शिकते, आणि आपला फोन वडिलांनी उचललेला तिला मुळीच खपत नाही.)

"बाबा, तुमची नजर वर असते," ती म्हणाली, "पण कान अजून स्वयंपाकघरात राहतात."

हे त्याला लागलं. बुधवारी त्याने घराला नियम घालून दिला. आपण आतून काहीही म्हटलं, कितीही ठोठावलं, तरी दार उघडायचं नाही. तो आवाज आपला नसेल, मोहाचा असेल. नियम पाळला जातो की नाही हे बघायला गुरुवारी त्याने आतून कण्हत हाक मारली, की जरा उघड, मला कसंतरी होतंय. बायको साबणाच्या हातांनी धावत आली. त्याने तिला तसंच उभं करून मोह किती रूपं घेतो हे दहा मिनिटं समजावलं. मुलीने सगळं लक्ष देऊन ऐकलं. तिथेच त्याने सावध व्हायला हवं होतं.

रविवारी उपासना दहाला होती. आठ वाजता तो नवा शर्ट घालून, भाषणाचा कागद खिशात ठेवून आत गेला. नऊला उठला, मूठ धरून फिरवली आणि मूठ हातात आली. बाहेरची मूठ शाबूत होती, पण तो आत होता. हत्यारांची पिशवी बाहेर, चपलांशेजारी. त्याने भोकात एक जुना खिळा घालून पाहिला. खिळा नुसता गोल फिरत राहिला. गावाची दारं उघडणारा माणूस स्वतःच्या दारापाशी खिळा फिरवत बसला.

"अगं, मूठ निघाली. उघड."

बाहेर इस्त्रीचा आवाज थांबला. "नाही हं," बायको शांतपणे म्हणाली. "गुरुवारी मी फसले."

"खरंच निघाली. हातात आहे माझ्या."

"गुरुवारीही खरंच कसंतरी होत होतं."

त्याने मुलीला हाक मारली. मोहाशी वाद घालायचा नसतो, असं मुलीने आईला सांगितलं, आणि ते त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. साडेनऊला तो गयावया करू लागला तेव्हा बायकोचा आवाज हळवा झाला.

"किती झगडताय हो," ती दाराला म्हणाली. "सोडू नका. मी सांगते पाळकसाहेबांना."

मग घराचं दार बंद झालं. त्या दाराचं कुलूप मात्र उत्तम होतं. त्यानेच बसवलेलं.

वीस वर्षांनी आलेली संधी पायी चालत निघून गेली होती. तो थोडा वेळ स्वतःवर चिडला, थोडा वेळ मुठीवर. मग खाली बसला आणि त्याने प्रथमच त्या खोलीकडे नीट पाहिलं. जिथे कुणाचं काही काम नाही असं तो समजत होता, तिथे सगळी त्याचीच कामं पडली होती. तीन पायांचं स्टूल. बिनदांड्याची छत्री. मुलीची बॅग, जिचं झाकण दाबल्यावर लागणारं कुलूप बिघडलेलं होतं. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या गावी शिकायला जाणार होती. बॅग नीट करून द्या, असं तिने कधीच सांगितलं होतं. आधी मनाचं कुलूप बघ, असं तो म्हणाला होता. (असं आपण बोललो हे आठवून तो एकटाच लाजला.)

बॅगेत तिची केसांची पिन सापडली. पिन आणि खिळा घेऊन तो कामाला लागला. हात चालू लागले तसं मन गप्प झालं, जे सहा दिवसांत जमलं नव्हतं. ती नीट पोहोचू दे, तिला चांगली माणसं भेटू दे, असं तो म्हणत होता, आणि आपण प्रार्थना करतोय हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं. डोळे उघडेच होते.

साडेबाराला दार उघडलं. दारात बायको, मुलगी आणि मागे पाळकसाहेब.

"काय साक्ष झाली तुमची," पाळकसाहेब म्हणाले. हा माणूस प्रार्थनेतून उठायलाच तयार नाही, असं त्यांनी मंडळीला सांगितलं होतं. लोकांचे डोळे पाणावले होते. "इतक्या वर्षांत एवढी प्रभावी साक्ष ऐकली नाही. अशीच दर महिन्याला देत चला."

किल्लीवाल्याला गप्प बसता आलं असतं. त्याने मूठ पुढे केली. "मी अडकलो होतो, साहेब. ही निघाली."

पाळकसाहेबांनी मुठीकडे पाहिलं, मग बायकोकडे. तीन महिने, एवढंच ती म्हणाली. ते हसू लागले आणि म्हणाले, पुढच्या रविवारी हेच सांगा.

त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने बॅग मुलीपुढे ठेवली. तिने कुलपावरून बोट फिरवलं.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली. "किल्ली?"

"हरवू नये म्हणून आत ठेवली," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा बदलला. झाकण तर त्याने दाबून लावलं होतं. "माझा भाषणाचा कागदही चुरगळू नये म्हणून त्यातच ठेवलाय."

"मग घाई नाही," मुलगी म्हणाली. "भाषण सार्वकालिक गोष्टींवर आहे ना. टिकेल."