एलोजीकाकांचा घाणा

एलोजीकाका गडबकरांच्या गॅरेजमध्ये गाडीच्या आधी माणसाचं वजन होत असे. पेणच्या एसटी स्टँडामागची पत्र्याची शेड, आणि दारातच धान्याचा जुना काटा. गाडी घेऊन गेलात की काकांचा पहिला प्रश्न, "मागं कोण बसतं?" बायको बसत असेल तर बायकोला आणायचं. दुधाचे कॅन असतील तर भरलेले कॅन आणायचे. एकदा एक कोळीदादा बायकोला घेऊन आला, पण ती काही काट्यावर चढेना. चारचौघांत वजन करायचं म्हणजे काय!

काका म्हणाले, "गो बाय, तुझं रावदे. टोपलीचं तरी सांगशील?"

"टोपलीचं सांगन. पण माझं त्या इंजिनाला कशाला पायजे?"

"म्हातारं हाय गो ते. कोणाला उचलायचं हाय ते त्याला ठाव नको?"

शेवटी नवऱ्यानं अंदाजानं आकडा सांगितला. त्याचे परिणाम त्यानं घरी जाऊन भोगले असणार.

वजन झालं की गाडी घाण्यावर चढे. घाणा म्हणजे बंद पडलेल्या पोह्यांच्या गिरणीचे दोन लोखंडी रूळ, त्यांना करकचून धरणारा लाकडी ब्रेक आणि ब्रेकच्या दांडीला टांगलेलं पारडं. मागचं चाक रुळांवर ठेवायचं, ओझ्याच्या मानानं पारड्यात धोंडे टाकायचे आणि गाडी जागच्या जागी पळवायची. काका डोळे मिटून आवाज ऐकत. मग कार्बोरेटरचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. तेवढ्यानं भागलं नाही तर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी ती भोकाची पितळी गुंडी, बदलायची. असं यंत्र मी एका परदेशी मासिकात पाहिलं होतं. त्याला डायनो म्हणतात. काकांना ते सांगितलं तर म्हणाले, "म्हणूदेत. त्यांचे आजे थोडेच तेली व्हते?"

काकांचे आजे तेली होते. काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पूर्वजांचा धंदा तेलाचा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावानं नाव पाडलं शनवार तेली. "आज्यानं बैल जुंपला, मी फटफटी जुंपतो," असं ते ऐटीत सांगत. त्यांच्या आळीतली बहुतेक यहुदी घरं इस्राएलला गेली होती. काकांचे दोन्ही मुलगे तिकडेच. रिबकाकाकू वारल्यापासून शेडमागच्या दोन खोल्यांत काका एकटे.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे माझी लाज एकदाच काय ती निघेल. नव्वदनंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत पेणला मोटरसायकलचं नवं शोरूम निघालं आणि मी तिथं सर्व्हिस सुपरवायझर झालो. आयटीआयचं सर्टिफिकेट, इस्त्रीचा शर्ट आणि खिशात घडी घातलेला कंपनीचा छापील तक्ता. कुठल्या मॉडेलला कितीचा जेट, स्क्रूचे किती फेरे, सगळं त्यात. पाच मिनिटांत गाडी तयार. डोळे मिटायची गरज नाही.

मालकांनी मला निरोप देऊन काकांकडे धाडलं. तक्त्याप्रमाणे काम करायचं कबूल करा, दारावर 'अधिकृत सेवा' अशी पाटी लावतो. काकांनी तक्ता हातात घेतला, पुढून पाहिला, मागून पाहिला.

"यात भिसे खिंड कुठं हाय?"

"खिंड कशी असेल काका? हे मोठमोठ्या इंजिनियर लोकांनी ठरवलंय."

"मग त्यांना म्हणावं, एकदा रोह्याहून पेणला या. मागं सासू बसवून. गाडीला इचारा, कागदाला काय इचारता?"

पाटी राहूनच गेली. मला मात्र भयंकर राग आला. एका अडाणी म्हाताऱ्यानं माझं सर्टिफिकेट पाण्यात घातलं असं वाटलं. म्हणून रोह्याला आमचं मोफत तपासणी शिबिर भरलं तेव्हा मी ईर्ष्येनं कामाला लागलो. एका रविवारात एकतीस गाड्या तक्त्याबरहुकूम लावल्या. त्यात एक गाडी शालोम मास्तरांची होती. मास्तर काकांच्याच समाजातले, निवृत्त शिक्षक, स्वभाव भिडस्त. "ही एलोजीनं लावलेली आहे हो," एवढंच पुटपुटले. मी उघडून पाहिलं तर जेट तक्त्यापेक्षा मोठा! नियमाप्रमाणे लहान बसवला आणि मनातल्या मनात काकांना चीत केलं.

बुधवारी संध्याकाळी रोह्याहून परतताना मला भिसे खिंडीत मास्तर दिसले. पांढरा धुतलेला शर्ट, डोक्यावर टोपी, आणि गाडी रस्त्याच्या कडेला. लहान जेटमुळे चढावर पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं होतं, पिस्टन अडकून बसला होता. मी पाने काढले. तक्ताही काढला.

"बाळा, दिवस मावळायच्या आत पेणला पोचायचं होतं."

"पाचच मिनिटं, मास्तर."

माझी पाच मिनिटं अर्धा तास चालली. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी त्यांना माझ्या गाडीवर मागे घेतलं. गडब गावापाशी आलो तर खाडीच्या बाजूला सूर्य बुडाला होता. तेव्हा मास्तरांनी सांगितलं, "आज रिबकाच्या वर्षश्राद्धाचा दिवस. आमच्यात मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना दहा पुरुष जमले तरच म्हणता येते, नऊ चालत नाहीत. पेणमध्ये सगळे धरून नऊ, दहावा मी. आणि सूर्य मावळला की आमची तारीख बदलते."

मी गाडी सुसाट सोडली ती थेट पेणला थांबवली.

कोकणातले यहुदी आपल्या प्रार्थनाघराला मशीद म्हणतात. पेणच्या मशिदीच्या अंगणात आठ जण बाकावर बसले होते. नववे काका, फाटकात उभे.

"गाडी कुठं हाय, मास्तर?"

"खिंडीत."

"जेट कोणी बदलला?"

मी म्हणालो, "मी."

काकांनी माझ्या खिशातून तक्ता उपसला आणि माझ्याच नाकासमोर धरला. "वाच. माझी बायको कुठं लिवलेय ती दाखव मला."

आयुष्यात मी पुष्कळ बोलणी खाल्ली. इतकी वर्मी लागलेली दुसरी आठवत नाहीत.

बाकावरचे एक वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाले, "एलोजी, तारीख उलटली. आता पुढल्या वर्षी."

"पुढल्या वर्षी मास्तर कुठं हाय? पुढल्या महिन्यात चाललाय तो इस्राएलला, लेकीकडं. कायमचा. दहा माणसं आज हायत."

"पण नेम आहे ना काही!"

"बत्तीस वर्षं संसार केला मी. एक दिस जेवायला वेळेवर गेलो नाय. रोज ताट झाकून बसायची ती. अर्धा तास उशिराचं तिला काय नवल नाय. चला आत."

कोणीच उठेना. काका दारात उभे राहिले आणि एकेकाकडे नाव घेऊन बघत राहिले. मग मास्तर उठले. मग सगळेच उठले.

मी बाहेर चपलांपाशी बसलो. आतली भाषा मला कळत नव्हती. एका जागी काकांचा आवाज अडकला, आणि बाकीचे नऊ तो सुरू होईपर्यंत थांबले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बघायला होतं कोण?

थोड्या वेळानं काका ताटलीत गोड पोहे घेऊन आले आणि माझ्याशेजारी पायरीवर टेकले. चेहऱ्यावर राग नव्हता. मला धीर आला.

"काका, मास्तर गेल्यावर तुम्ही नऊच उरणार. मुलगे एवढे बोलावतात, तुम्हीही जा की आता. तिकडे माणसं मोजत बसावं लागणार नाही."

"म्हणून तर नाय जात. तिकडं माझ्यावाचून कोणाचं अडतं? आणि मी गेलो तर इथं आठ."

"नऊ काय नि आठ काय काका, दहा तर होत नाहीतच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पुन्हा बोलणी बसणार. पण त्यांनी ताटली माझ्या हातात दिली आणि अगदी शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "नवाला मुंबयहून एक पाव्हणा आला तरी भागतं रे. आठाला दोन लागतील. दोन कुठनं आणायचे?"