कर्णिककाकूंच्या मुंग्या

शेजारचं कुणी साखर मागायला येतं, कुणी विरजण. कर्णिककाकू आमच्या दारात रिकामी बरणी घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे मुंग्या आहेत का? दहा-बारा चालतील."

मी हबकलोच. इथे आखातात, एगैलातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुंगी दिसली तरी लोक हारिसला, म्हणजे वॉचमनला, बोलावून औषध मारून घेतात.

"आमच्याकडे? मुंग्या?" माझी बायको आतून म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरावर इतका मोठा आरोप आजवर कुणी केला नव्हता.

"सोपं आहे हो," काकू म्हणाल्या. कोणतीही अचाट गोष्ट त्या याच शब्दांनी सुरू करतात. "माझ्या पिओनीच्या झाडाला कळी धरलीय. मुंग्यांनी वरचा गोड चिकटा खाल्ला की पाकळ्या सुटतात. मुक्तानं सांगितलंय."

मुक्ता ही त्यांची लेक. इथेच वाढली, आता कॅनडात असते. तिच्या बागेतला पिओनीचा कंद काकूंनी लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणला. झाड पक्कं थंड देशातलं. म्हणून हिवाळाभर कुंडी फ्रिजमध्ये आणि दही-भाज्या गॅलरीत. एकदा त्यांनी फ्रिज उघडून दाखवला तेव्हा मी उडालोच होतो. पुढे कुंडी बाहेर आली की एसी इतका गार, की शुऐबा भागातल्या कारखान्यातून घामाघूम होऊन आलेले काका स्वतःच्या घरात स्वेटर घालून बसतात. तिसऱ्या वर्षी कुठे ही एक कळी आली.

आमच्याकडून नकार मिळाल्यावर काकूंनी जिन्यापासून स्वतःच्या दारापर्यंत गुळाची रांग घातली. मुंग्या खरंच आल्या. पण काकूंच्या उंबऱ्याशी पोचायच्या आत हारिसनं सगळा मजला फवारून काढला. "सगळ्या गेल्या हो," काकू मला लिफ्टपाशी म्हणाल्या. चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा.

मला राहवेना. मी फोनवर वाचून काढलं. मुंग्या फक्त खायला येतात, कळी आपली आपण उमलते. काकूंची काळजी मिटावी म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. हातात फोन, छातीशी पालथा धरलेला, व्हिडिओ कॉल चालू. त्यांच्यामागे टेबलावर ते फूल, कोबीच्या गड्ड्याएवढं, गुलाबी, पूर्ण उमललेलं. मी तोंड उघडणार तोच काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"आई, एनी अँट्स टुडे?" फोनमधून मुक्ता.

"नाही गं," काकू भिंतीला पाठ लावून, फोन समोर धरून म्हणाल्या. "कळी अजून तशीच घट्ट आहे."

मुक्ता बराच वेळ बोलली. मध ठेवून बघ, खिडकी उघडी ठेव, जेवलीस का, बाबांचा गुडघा कसा आहे.

फोन बंद झाल्यावर मी म्हणालो, "काकू, मुंग्या लागतच नाहीत."

"माहितीय. कळी आली तेव्हाच वाचलं मी."

"मग ती बरणी, तो गूळ?"

"रोज तिला सांगायला काहीतरी नको का? आधी महिन्यातून एखादा फोन यायचा, तोही कामाचा. मुंग्यांचं निघाल्यापासून रोज करते."

मी फुलाकडे बोट केलं. "तिला फूल दाखवा ना. आनंदच होईल."

काकूंनी एक गळालेली पाकळी उचलून मुठीत धरली.

"सोपं नाही हो ते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कुंडीला हात घातला. उद्याच्या फोनमध्ये दिसायला नको म्हणून ती सोफ्यामागे ठेवायची होती. कुंडी जड होती. दुसरी बाजू मी धरली.