निळ्या पट्टीच्या आत

डेलमर ओडमने ताटातला तळलेला मासा पुन्हा एकदा उलटा केला आणि काटा खाली ठेवला.

"मेलाय तो," त्याची बायको वर्नेल म्हणाली. "कितीही उलथापालथ केलीस तरी पोहायला लागणार नाही. काय झालं?"

"त्यांनी माझी झाडं रंगवली."

"कुणी?"

"कंपनीने. ओढ्याकाठचे ओक. एकेकाच्या छातीवर निळी पट्टी."

"झाडं कंपनीचीच आहेत ना रे? तुम्ही नुसती शिकारीपुरती जमीन भाड्याने घेतलीय."

हे खरं होतं, आणि तेच तर दुखणं होतं. अलाबामाच्या त्या भागात जंगल लाकूड कंपनीचं, हरणं देवाची आणि मचाणं शिकारी क्लबची अशी वाटणी होती. कंपनीच्या मनात येईल तेव्हा झाडं पडत. डेलमरचं मचाण ओढ्याकाठच्या जुन्या ओकांत होतं. शाळेत भूगोल शिकवण्यात त्याचा जन्म गेला, आणि वर्गाची, हेडमास्तरांची, पालकांची, फळ्यावर खडू कर्रकन वाजण्याची, सगळ्याची त्याने भीती बाळगली. निवृत्तीनंतर भीती न वाटणारी जागा त्याला जगात एकच सापडली होती. आता तिच्यावर निळी पट्टी आली होती.

निळ्याचा अर्थ त्याला पक्का ठाऊक होता. मागे कंपनीने हॉइट ग्रँथमच्या मचाणाजवळचं पाइनचं रान विरळ केलं, तेव्हा ज्याच्यावर निळी पट्टी, ते झाड आडवं झालं होतं. आता तर रान विरळ नव्हे, साफच करणार होते.

"पुसून टाकली तर?" तो हळूच म्हणाला.

"काय पुसून टाकली?"

"काही नाही. मासा छान झालाय."

व्हरांड्याच्या पायऱ्यांसाठी आणलेला तपकिरी रंग गॅरेजमध्ये पडून होता. थेट ओकाच्या सालीचा रंग. दुसऱ्या दिवशी डेलमर डबा आणि ब्रश घेऊन ओढ्यावर गेला. करारात लिहिलं होतं की क्लबच्या माणसाने झाडाला खिळा जरी ठोकला, तरी कंपनी जमीन काढून घेईल. क्लबचा अध्यक्ष हॉइट दर वर्षीच्या सभेत ते कलम मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचा, "ज्याच्यामुळे करार मोडेल, त्याला मी..." पुढचं तो कधीच बोलत नसे. डेलमरने मात्र ते वाक्य अंथरुणात पडल्या पडल्या नाना तऱ्हांनी पूर्ण केलं होतं. हॉइट त्याचा जुना विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसायचा, आणि तेव्हासुद्धा डेलमरच त्याला घाबरायचा.

खारूताई सुळकन पळाली तरी डेलमर ब्रश पाठीमागे लपवत होता. पण काम चोख झालं. संध्याकाळपर्यंत ओढ्याकाठी निळ्याचा ठिपका उरला नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर क्लबच्या शेडमध्ये सगळे जमले होते. उकडलेल्या शेंगांचं पातेलं मधोमध होतं. तेवढ्यात कंपनीच्या लॅनिअरबाई आल्या. जंगलावर देखरेख करणाऱ्या या बाई वयाने लहान, पण टोपी कपाळावर ओढून बोलायच्या, म्हणून डेलमरला त्यांचीही भीती वाटे.

"उद्यापासून तोड सुरू," त्या म्हणाल्या. "ओढ्यापासून रस्त्यापर्यंत सगळं साफ होईल. पण पाण्याकाठची झाडं आम्ही ठेवतो, माती वाहून जाऊ नये म्हणून. त्यांना निळी पट्टी मारलीय. निळ्या पट्टीच्या आत करवत येणार नाही."

हॉइटने डेलमरच्या पाठीत असा धपका मारला की तोंडातली शेंग बाहेर पडली. "मास्तर! वाचली की तुमची झाडं!"

"हो," डेलमर म्हणाला. त्याने पडलेली शेंग उचलून खिशात घातली.

"अहो, हसा की जरा! आमची सगळ्यांची मचाणं चालली, एकटे तुम्ही नशीबवान, आणि तोंड बघा, देवाचं बोलावणं आल्यासारखं!"

घरी येऊन तो गॅरेजमध्ये शिरला. तपकिरी, पांढरा, हिरवा. निळा नाही. रविवारी रंगाचं दुकान बंद. उद्या करवती येणार. एकाएकी त्याला आठवलं की चर्चमधली तान्ह्या मुलांची खोली वर्नेल रंगवत होती, आणि उरलेला डबा तिच्या गाडीत होता.

तो गाडीतून डबा काढत असतानाच मागून आवाज आला. "डेलमर ओडम, तो देवाचा रंग आहे."

डेलमर तिथल्या तिथे खाली बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. वर्नेल ऐकत राहिली. मग म्हणाली, "तरीच! काल तुझ्या कानाला तपकिरी लागलं होतं, मला वाटलं वयाचा डाग आहे. ऊठ. बूट घाल. मी डबा धरते."

पण ओढ्यावर पोचल्यावर नवीच पंचाईत झाली. तपकिरी रंग इतका बेमालूम बसला होता की आधीची पट्टी कुठल्या झाडांवर होती ते खुद्द रंगाऱ्याला ओळखू येईना.

"हे होतं का?" वर्नेलने विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे नसलं तर? आणि असलं, आणि आपण सोडलं तर? मार पट्टी."

एक झाड सुटलं तर, या धास्तीने त्याने त्याच्या पलीकडचं रंगवलं. ते शेवटचं दिसू नये म्हणून त्याच्याही पलीकडचं. असं करत करत निळी रेघ ओढा सोडून चढणीला लागली आणि पाइनच्या रानात बरीच आत शिरली. अंधारून यायला लागलं तेव्हा वर्नेल कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता काय टेक्सासपर्यंत नेतोस?" डबा रिकामा झाला, म्हणून रेघ थांबली. शिवाय तो निळा काही जंगलातला नव्हता. पाळण्यावरच्या दुपट्याचा गोड, फिका निळा होता.

सोमवारी डेलमर रस्त्याकडेला गाडी लावून आत बसून राहिला. करवतीचं यंत्र पाइनची झाडं गवताच्या काडीसारखी मुठीत धरून कापत येत होतं. प्रत्येक झाड पडलं की जमीन हादरे आणि डेलमरही. निळ्या रेघेपाशी यंत्र थांबलं. तोडीचा मुकादम रेफर्ड खाली उतरला, पट्टीकडे बघून त्याने डोकं खाजवलं आणि फोन लावला. थोड्या वेळाने लॅनिअरबाईंची गाडी आली.

आता संपलं, असं डेलमरने ठरवलं. आपणच जाऊन कबूल करावं. कदाचित मग कंपनी क्लबला माफ करेल. तो गाडीतून उतरला.

"मॅडम," तो म्हणाला, "ती रेघ—"

लॅनिअरबाईंनी गर्रकन वळून पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुमच्याही लक्षात आलं ना, मिस्टर ओडम? फारच आत गेलीय. त्या दिवशी मला ताप होता, पण इतकी चूक? आणि रंग तरी कुठला आणला मी? बघवत नाही." त्यांनी रेफर्ड ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझ्या साहेबांच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल हो. तुम्ही कुणाला बोलणार नाही ना?"

डेलमरने मान हलवली.

"फार उपकार झाले," बाई म्हणाल्या आणि मोठ्याने ओरडल्या, "रेफर्ड! रेघ आहे तिथेच आहे! आत जायचं नाही!"

नोव्हेंबरात हंगाम उघडला, तेव्हा तेवढा हिरवा तुकडा सोडून चहूकडे नुसते खुंट होते. डेलमर सोडून क्लबमधल्या कुणाचंही मचाण उरलं नव्हतं. हॉइटने पावासारख्या मऊ बिस्किटावर सॉसेजचा रस्सा ओतत सगळ्यांना विचारलं, "एवढं गार रान एकट्या मास्तरांनीच का खावं?" ओकांत सगळ्यांच्या जागा ठरल्या. हॉइटने मास्तरांचं मचाण घेतलं. "तुम्हाला या वयात शिडी चढवत नाही," तो म्हणाला. "तुम्ही खुंटांत खुर्ची टाका. ऊनही खाता येईल."

डेलमर उघड्यावर बसला. ओकांतून खोकल्याचे, थर्मासच्या झाकणाचे आणि कुणाच्या तरी फोनचे आवाज येत होते. तिकडे हरीण कशाला फिरकतंय? मात्र जिथे सावली गेली तिथे ऊन आलं होतं, आणि खुंटांभोवती कोवळे फुटवे आणि रानबेरीच्या जाळ्या माजल्या होत्या. त्यांतून आधी एक मादी बाहेर आली, मग दोन, आणि त्यांच्या मागून असा एक नर, की डेलमरचा श्वासच अडकला. शिंगं नव्हेत, वाळक्या झाडाचा शेंडाच.

त्याने बंदूक खांद्याला लावली. बोट चापावर गेलं. आणि मग त्याला मनातल्या मनात दिसलं की बार झाला, ओकांतून सगळे धावत आलेत, सगळ्यांच्या पुढे हॉइट, आणि उद्या इथे खुर्च्यांची रांग लागलीय. त्याने बंदूक अलगद मांडीवर ठेवली. नराने त्याच्याकडे पाहिलं आणि चरणं चालू ठेवलं.

"काही दिसलं का, मास्तर?" शेडमध्ये रोज कुणीतरी विचारी.

"शेपूटसुद्धा नाही," डेलमर म्हणे. खोटं बोलण्याच्या भीतीने त्याचा चेहरा पांढराफटक पडे.

तो चेहरा हॉइटला बघवेना. आठवड्याच्या शेवटी त्याने बिस्किटाची ताटली बाजूला सारली. "मास्तर, माझं मन मला खातंय. मी तुमची जागा बळकावली. मलाही काही मिळालं नाही, ती माझी शिक्षाच आहे. उद्यापासून तुम्ही ओकात बसा. मी तिकडे खुंटांत बसतो."

"नको!" डेलमर ओरडला.

डेलमर ओडमने आवाज चढवलेला आजवर कुणी ऐकला नव्हता, वर्गातसुद्धा नाही. हॉइटचे डोळे भरून आले. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"बघा रे," तो म्हणाला, "याला म्हणतात मोठं मन. आता तर मी बसणारच." आणि त्याने डेलमरची खुर्ची घडी घालून काखेत मारली.