काजं शेवटी

रविवारी सकाळी साडेदहा वाजता टेलरमावशींनी गाडीचं चौथं दार आतून ओढून घेतलं. दार 'टक्' असं मिटलं. नव्या रबरी पट्टीमुळे बाहेरचा सगळा गलका एकदम मंदावला आणि मावशींना धन्य धन्य वाटलं. मग उतरायला म्हणून त्यांचा हात सवयीने हँडलकडे गेला.

हँडल नव्हतं. दारावर खिळ्यावर खिळा देऊन ताणून बसवलेलं मरून रेक्झिन होतं, आणि त्याला साधं भोकही नव्हतं. काच वरखाली करायच्या दांडीचीही तीच गत. चारही दारांना.

बत्तीस वर्षं मावशींनी दुकानातल्या प्रत्येक शिकाऊ मुलीच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती. काजं शेवटी. कपडा शिवून, इस्त्री करून, अंगाला लावून बघायचा आणि मगच काजं कापायची. दारांची अस्तरंही त्यांनी याच शिस्तीने शिवली. आता दार मिटून बघायचं, कुठे सुरकुती पडत नाही ना ते तपासायचं आणि मग हँडलांसाठी छानपैकी आठ काजं कापायची, असा बेत होता. कात्री बॉनेटवर होती. शेजारीच आठही हँडलं घातलेला पत्र्याचा डबा होता. समोरच्या स्वच्छ पुसलेल्या काचेतून दोन्ही अगदी लख्ख दिसत होते.

बाहेरच्या मुठी पॉलिशला गेलेल्या होत्या, त्यामुळे बाहेरून दार उघडायचा प्रश्नच नव्हता. डॅशबोर्डखालची झडप उघडी असल्याने हवा येत होती, तेवढं एक बरं. एरवी कोणीही बाई आरडाओरडा करून घर गोळा करती. पण मावशींना तोंड उघडायची सोय नव्हती, कारण अकरा वाजता त्यांचा मुलगा भंगारवाल्याला घेऊन येणार होता.

ही गाडी मावशींनी चाळिसाव्या वर्षी शाळेच्या गणवेशांच्या जोरावर घेतली होती. बाईमाणूस गाडी चालवणार म्हणून हसणाऱ्या सगळ्यांच्या अंगणावरून त्यांनी ती मुद्दाम हॉर्न वाजवत नेली होती. आता मुलाला त्याच्या नव्या गाडीसाठी पोर्च हवा होता. "इंजिन चालतंय, पण आत उंदरांनी घरं केलीत, काचा जाम झाल्यात," तो म्हणाला होता. "रविवारी अकराला माणूस आत नीट बसला आणि चारही काचा खाली झाल्या, तर गाडी राहील. नाहीतर भंगारात." मावशींनी "बघच तू!" म्हणून दाभण उचललं होतं.

सीटा तर अशा झाल्या होत्या, की बसणाऱ्याने आधी पाय धुवावेत. खाचा घासून वंगण घातल्यापासून काचा लोण्यासारख्या सरकत होत्या. पण हे सिद्ध करायचं साधन डब्यात होतं. हेअरपिनने रेक्झिन ओरबाडून पाहावं असा विचार मावशींच्या मनात आला, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. फाटकं काज? त्यांच्या हातून? प्राण गेला तरी नाही.

अकराला पाच कमी असताना मुलगा आला. मागे भंगारवाला आणि त्याच्या मागे सूनबाई.

"आई, कर बघू काच खाली," मुलगा म्हणाला.

"नाही करत!" मावशी आतून ओरडल्या.

"का?"

"माझी मर्जी!"

"म्हणजे होत नाही. कबूल कर ना."

मावशींचं डोकं सणकलं. "काय कबूल करू? अरे, तू माझ्या दारात भंगारवाला आणून उभा केलास! तो इथे असेपर्यंत काच खाली होणार नाही आणि दारही उघडणार नाही. काय करायचं ते कर!"

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मुलाने दार ओढून पाहिलं, तर धरायला काही नाही. त्याने काचेवर टकटक केली. मावशींनी हाताची घडी घातली आणि समोर बघत बसून राहिल्या.

ओरडा ऐकून शेजारचे काका कुंपणाशी आले. "काय झालं?"

"आईने गाडीत धरणं धरलंय," मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"शाब्बास!" काका म्हणाले आणि खुर्ची आणायला गेले. पाच मिनिटांत कुंपणाशी सहा खुर्च्या झाल्या. कोणीतरी "मावशी, हटू नका!" असं ओरडलं. हटायची सोय असती तर मावशी कधीच्या हटल्या असत्या, पण आता त्यांनाही चेव चढला. त्यांनी मूठ उंचावून दाखवली.

भंगारवाला तेवढ्यात मागच्या काचेला नाक लावून आत बघत होता. "सीटा कोणी शिवल्या हो?"

"मीच! दुसरं कोण शिवणार?"

"दुहेरी शिलाई आहे, साहेब," तो मुलाकडे वळून म्हणाला. "हे भंगार नाही. आणि माणसासकट गाडी मी काट्यावर चढवत नसतो. मावशी, माझ्या टेम्पोची सीट कराल का?"

"पुढच्या आठवड्यात आण. माप मी घेईन."

तो निघून गेला. मुलाने कुंपणाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि हात टेकले. "राहू दे गाडी. पोर्चमध्येच राहू दे. झालं? आता तरी ये बाहेर."

"सगळ्यांसमोर शब्द दिलास. आता तू आत जा. मी माझ्या सवडीने येईन."

तो पाय आपटत घरात गेला. खुर्च्या उठल्या. अंगणात एकट्या सूनबाई उरल्या. त्यांनी बॉनेटवरची आपली ओढणी उचलली आणि ओढणीखालून कात्री आणि पत्र्याचा डबा निघाला. मावशी बघतच राहिल्या. ओढणी तिथे कधी पडली, हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

सूनबाई काचेजवळ वाकल्या. त्या याच घरात सून म्हणून यायच्या आधी तीन वर्षं मावशींच्या दुकानात शिकल्या होत्या.

"काजं राहिली ना, आई?"

मावशींनी मान हलवली.

सूनबाईंनी मागे जाऊन डिकी उघडली. मागच्या सीटच्या पाठीचा पुठ्ठा अजून लावायचा होता. स्प्रिंगांमधून जेमतेम एक हात जाईल एवढी फट होती. तिच्यातून कात्रीचं टोक आत आलं आणि तिथेच थांबलं.

"उद्यापासून मला गाडी शिकवायची," पलीकडून आवाज आला. "आणि यांना विचारायचं नाही."

"अगं, आधी कात्री तर दे!"

"आधी शब्द."

मावशींना संताप यावा, पण हसूच आलं. इतक्या मुली हाताखालून गेल्या, पण अशी एकच निघाली. "दिला," त्या म्हणाल्या.

मागोमाग एकेक करून आठही हँडलं आत आली. मावशींनी पहिलं काज इतकं नेटकं कापलं, की ते बघायला त्या क्षणभर तशाच बसून राहिल्या. मग हँडल बसवलं आणि काच सरसर खाली केली.

दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसातून परतला, तेव्हा पोर्च रिकामा होता. त्याला वाटलं, आईला अखेर दया आली. त्याने आपली नवी गाडी खुशीत आत लावली. तेवढ्यात फाटकाबाहेर ओळखीचा हॉर्न वाजला. चालवायला बायको बसली होती, शेजारी आई होती आणि चारही काचा पूर्ण खाली होत्या.

"बाजूला घे," बायको म्हणाली. "मला अजून मागे घेता येत नाही."

त्याने आपली गाडी मुकाट्याने रस्त्यावर नेऊन लावली.