गुरप्पाअण्णांचा बादशा

गुरप्पाअण्णांच्या डोक्यावर एकही केस नव्हता आणि घरात तीन कंगवे होते. एक लाकडी, एक शिंगाचा आणि एक बारीक दातांची फणी. तिन्ही देवाच्या कोनाड्याशेजारी ओळीनं मांडलेले.

लग्न होऊन मी उदगीरहून हुमनाबादला आले, तेव्हा विरजण मागायला म्हणून शेजारी गेले आणि ते कंगवे बघून उंबऱ्यातच थबकले. घरात बाईमाणूस कोणी दिसेना. तेवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला, "जरा सीधा बैठो जी. दुसरी बाजू बाकी है."

मला वाटलं, कोणी पाहुणा दाढी करून घेतोय. तर अण्णा बाहेर आले ते काखेत एक गुबगुबीत पांढरा ससा घेऊन. धोतरावर, हातांवर, भुवयांवर सगळीकडे पांढरे केस.

"आमचा बादशा," ते म्हणाले. "विंचरायलो होतो."

मी विरजण न घेताच परत आले.

अण्णांचं बाजारात तूरडाळीचं दुकान होतं. जातीनं लिंगायत. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. देवाशी ते कानडीत बोलत, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि सशाशी उर्दूत. एकदा मी विचारलंच, "अण्णा, सशाशी उर्दू कामून बोलता?"

"त्याला मराठी येत न्हाई, अक्का."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी पुढे दोन दिवस त्याचाच विचार करत होते. तसा तो काळच गोंधळाचा होता. आमचे हे तहसिलीत कारकून. निजामाचं राज्य गेलेलं, दफ्तर मात्र अजून उर्दूतच. नवे साहेब इंग्रजी बोलत आणि लोक अर्ज आणत ते मराठीत नाहीतर कानडीत. हे घरी येऊन म्हणायचे, "आज अर्ज कोणत्या भाषेत वाचायचा, ह्यातच दुपार गेली." जिथं सरकारलाच आपली भाषा ठाऊक नाही, तिथं सशाची मला कशी ठाऊक असणार?

दुकान उघडण्याआधी अण्णांचा विंचरण्याचा कार्यक्रम चाले. पोतं अंथरायचं, त्यावर बादशाला बसवायचं. आधी ओले तळवे पाठीवरून फिरवायचे, म्हणजे सुटे केस हाताला चिकटून येतात. मग लाकडी कंगवा, मग शिंगाचा. बारीक फणी फक्त कानामागं आणि हनुवटीखाली. पायाला घाण लागली असली तर ज्वारीचं पीठ चोळायचं आणि झटकून टाकायचं. हे सगळं चालू असताना तोंडानं एकच, "कलानं, कलानं." म्हणजे केसांच्या कलानं. उलटा हात फिरवलेला त्यांना खपत नसे. दुकानात कोणी डाळीच्या पोत्यात धसकन हात घातला तरी ते ओरडत, "कलानं!" परगावची गिऱ्हाइकं डाळीला कसला कल असतो म्हणून पोत्यात वाकून बघत.

असं सगळं करणाऱ्या अण्णांना एक दिवस मी सहज म्हटलं, "एवढं करता, तर एकदा मस्त अंघोळच का घालत नाही त्याला?"

अण्णांचा चेहरा उतरला. "पाण्याचं नाव काढू नका," म्हणाले आणि दार लावून घेतलं. माझं काय चुकलं ते मला कळलं नाही.

बादशा मूळचा अण्णांचा नव्हे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पलीकडच्या घरात अझीझमास्तर राहायचे, उर्दू शाळेचे. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ते बायकामुलं घेऊन हैदराबादला नातेवाइकांकडे गेले. जाताना त्यांच्या आठ वर्षांच्या झुबेदानं भिंतीवरून ससा अण्णांच्या हाती दिला. "चाचा, आठ दिन संभालो." त्या आठ दिवसांना आता सहा वर्षं होऊन गेली होती.

आणि एक दिवस मास्तरांचं कार्ड आलं. अण्णांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. एकदा म्हणाले, शुक्रवारी येणार. एकदा म्हणाले, शुक्रवारी जाणार. शेवटी ह्यांनी वाचलं. तहसिलीतल्या कागदासाठी मास्तर शुक्रवारी येणार होते, संगं झुबेदा.

नेमकं त्याच आठवड्यात बादशाचं डोकं फिरलं. तो स्वतःच्या छातीवरचे केस दातांनी उपटायला लागला. तोंडात केसांचा पुंजका धरून टोपलीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवी आणि पुन्हा येऊन उपटी. छातीवर तळहाताएवढी लालसर कातडी उघडी पडली.

अण्णांनी दुकान बंद ठेवलं. हकीमसाहेब म्हणाले, तिळाचं तेल लावा. न्हावी म्हणाला, सगळंच भादरून टाकू, म्हणजे एकसारखं दिसंल. आमचे हे म्हणाले, कडुलिंबाच्या पाण्यानं धुवा, तेव्हा अण्णा मटकन खालीच बसले. शेवटी त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला घरी आणलं. डॉक्टर बैल-म्हशींचे. सशाला कुठून धरायचं हेच त्यांना आधी कळेना. मग त्यांनी बादशाला उताणं केलं, चष्मा वर सारून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अण्णा, ही मादी हाय."

"न्हाई डॉक्टर, बादशा हाय तो."

"बेगम म्हणा. हिला वाटायलंय की पिल्लं होणार. तवा घर करायलीय."

"एकटा ससा, डॉक्टर! पिल्लं कुठून होतील?"

"न्हाईच होणार. ह्यांना कधी कधी उगीच तसं वाटतंय. आठ-दहा दिवसांत इसरून जातील. औषध न्हाई ह्याला."

डॉक्टर गेले. मी हसणार होते, पण अण्णांकडे बघून हसू आलं नाही. ते टोपलीतल्या त्या मऊ घरट्याकडे बघत बसले होते.

"अक्का," ते म्हणाले, "झुबेदाचा बादशा नर होता. मास्तरनं घरी खात्री करून घेतली होती."

मला काहीच उमगेना. "मग हा... म्हणजे ही?"

"खरा बादशा पयल्याच उन्हाळ्यात गेला. लई गरमी होती. मला वाटलं, गार वाटंल त्याला. चांगली बादलीभर पाण्यानं अंघूळ घातली. संध्याकाळपर्यंत थंडगार पडला." अण्णांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "बीदरच्या बाजारातून त्याच्यासारखा हुडकून आणला. विकणारा म्हणला, नर हाय. मी काय बघणार? पोरीचं घर गेलं, शाळा गेली. त्यावर आणिक हे कसं लिहू, सांगा तुम्ही."

मी घरी जाऊन विरजण लावलं आणि त्यात दोनदा ताक घातलं.

शुक्रवारी मास्तर आले. दाढी पिकलेली. झुबेदा आता चौदा वर्षांची, डोक्यावर ओढणी, बोलणं हळू. मी चहा घेऊन गेले आणि तिथंच रेंगाळले. अण्णांनी ससा तिच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः खांबाला टेकून उभे राहिले, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे.

तिनं त्याचे कान पाहिले. पाठीवरून हात फिरवला. मग छातीची उघडी कातडी तिला दिसली. "चाचा, ये क्या हुआ?"

अण्णा बोलायच्या आत मीच मधे पडले, "उन्हाळा हाय न्हवं, झडायलाय." बाहेर चांगली थंडी पडली होती.

झुबेदानं माझ्याकडे पाहिलं, टोपलीतल्या घरट्याकडे पाहिलं आणि कंगवा मागितला. बराच वेळ ती सशाला विंचरत होती. सशानं डोळे मिटून घेतले. मास्तर म्हणाले, हैदराबादला माडीवर एकच खोली आहे, ससा तिथं कुठं ठेवणार? तिनं मान हलवली. ससा उचलून अण्णांच्या हातात दिला. "कितना साफ रखे जी तुम," एवढंच म्हणाली.

अण्णा त्यांना मोटारीपर्यंत पोहोचवायला गेले. परत आले ते आमच्याच ओट्यावर येऊन बसले. मी पाणी दिलं.

"सांगून टाकलं, अक्का," ते म्हणाले. "मास्तर तिकीट काढायला गेलता, तवा."

"मग?"

"तिला कळलं होतं. ससा मांडीवर घेतला, तवाच. मी म्हणलं, मग बोलली कामून न्हाईस, बेटी? तर म्हणली, 'चाचा, मैं बोलती तो सबके सामने तुमे रो देते ना.'"

अण्णांनी तांब्या तोंडाला लावला, पण पाणी प्यायले नाहीत.

"पोरीचा अंदाज बरोबर हाय," ते म्हणाले. "मोटार हलल्यावर लई रडलो मी."