मुलींच्या नावावरचं शून्य

प्रदीपकुमारला एक वाईट खोड आहे. कॉम्प्युटरवर आकडा उमटला की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंही तो विसरतो. माझाच मुलगा, जयनगरातल्या एका शाळेत गणित शिकवतो. गावभर त्याचं कौतुक मीच केलं, तेव्हा बोलायचा हक्कही माझाच.

हेडमास्तरांनी त्याला सांगितलं, चाचणीत मुलगे पुढे की मुली, ते पालकसभेत दाखवा. झालं. आठवडाभर हा रात्रीच्या जेवणाला घरी नाही, शाळेतच एक्सेल उघडून बसलेला. शेवटी एकदाचा पानावर आला तो आकडे घेऊनच.

"आई, मुलग्यांची सरासरी एकसष्ट, मुलींची अठ्ठेचाळीस. सूत्र लावून पाहिलं, हा फरक योगायोगाचा नाही."

"मग?"

"मुलींना रोज संध्याकाळी जादा तास. थ्रोबॉल बंद."

माझी नात रक्षिता त्याच वर्गात, थ्रोबॉलची कॅप्टन. तिचा घास हातातच राहिला.

"अप्पा, पुढच्या आठवड्यात फायनल आहे. आणि मुली एवढ्या मागे कशा? मार्क दाखवा बघू."

"सभेत दाखवीन. सगळ्यांबरोबर बघ."

पोरगी रुसली. मी तिलाच दटावलं, "अप्पांनी कॉम्प्युटरवर काढलंय, उगीच असेल होय?"

सभेला मी ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर मुलग्यांचा खांब उंच, मुलींचा बुटका. मुलग्यांच्या आया पदर सारखे करू लागल्या. तेवढ्यात मागून कृष्णमूर्ती उठले. त्यांची मुलगी रक्षिताच्याच टीममध्ये.

"सार, स्वल्प, जरा नावं दाखवा की," ते कानडी मिसळत म्हणाले.

यादी खाली सरकली. मुलींत सात शून्यं.

"हे शून्य कुणाचं?"

"गैरहजर मुलींचं. त्यांची चाचणी परत घ्यायचीय. तोवर रकाना रिकामा बरा दिसत नाही, म्हणून शून्य घातलं."

"आणि तेही सरासरीत धरलं? सार, त्या दिवशी ह्या सातजणी आनेकलला मॅच खेळत होत्या. शाळेनंच पाठवलेल्या. बसमध्ये त्यांना घेऊन कोण गेलं होतं?"

प्रदीपकुमार उगाच माऊस हलवू लागला.

"माझ्या शेजारी बसून उकडलेल्या शेंगा कोण खात होतं सार? अर्ध्या माझ्याच पुडीतल्या होत्या."

सभा हसली. मी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला नव्हे, तोंड लपवायला. शून्यं पुसून पुन्हा हिशेब झाला. मुलींचा खांब चौऱ्याहत्तरावर जाऊन उभा. थ्रोबॉल वाचला. पण आता मुलग्यांच्या आया उठल्या. "मग जादा तास आमच्या पोरांना नको का?"

"सरी, ठरलं तर," हेडमास्तर म्हणाले, "उद्यापासून प्रदीपकुमारच घेतील."

दुसऱ्या दिवशी हा दमूनभागून, भुकेला घरी आला. मी पानात एक चपाती वाढली आणि डबा बंद केला. रक्षिता शेजारी बसून चौथी खात होती.

"आई, एकच?"

"एक्सेल उघडून बसलास, तो आठवडाभर तू रात्री पानावर नव्हतास. त्या सगळ्या रात्रींचं शून्य धरलं आणि सरासरी काढली. तुझी भूक एका चपातीची निघाली, बाळा. डबा उघडायचा तर आधी नातीची माफी माग, मग मी हिशेब पुन्हा करते."