मंजुळाबाईंच्या कनवटीचा फोन

"आई, हा फोन तुमच्याकडे ठेवा. पाठाची तयारी होईपर्यंत मी मागितला तरी देऊ नका. रडले तरी देऊ नका."

पालघरजवळच्या माहीममधल्या घराच्या ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या मंजुळाबाईंनी सुनेचा फोन कनवटीला खोचला. "आन वाजला तं?"

"तुम्हीच बघा काय ते."

दुसऱ्या दिवशी रुचिताचा पालघरच्या एका शाळेत नमुना पाठ होता. चौथीचा वर्ग, विषय अपूर्णांक. मुलाच्या, दर्पणच्या, जन्मापासून ती घरीच होती. नोकरीच्या एवढ्या अर्जांनंतर पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. पण किती वाजले ते बघायला ती फोन उचलायची आणि दुपार घालवूनच खाली ठेवायची. दर्पणच्या वर्गातल्या आयांचा ग्रुप सारखा टणटणायचा. न बघावं तर जीव टांगणीला, नेमका तेव्हाच शाळेत दर्पणला ताप चढला असला तर?

ती माळ्यावर गेली. वर इतकं शांत वाटलं की आधी तिला भीतीच वाटली. मग हळूहळू पापलेटाचे चार तुकडे फळ्यावर कसे काढायचे ते सुचायला लागलं.

खाली पहिला फोन आला ग्रुपातल्या सलोनीचा. "रुचिता, उद्या पोरांना हिरवं घालायचं की पोपटी? ग्रुपवर नुसता गोंधळ चाललाय!"

"मी सासू तिची. जे धुतलेलं हाय ते घाल गं बाय."

"काकी, हे तुम्हीच ग्रुपवर सांगा ना. माझं कुणी ऐकतच नाही."

गिऱ्हाइकांना फोनवर बोललेले निरोप धाडून मासळी विकण्यात मंजुळाबाईंची हयात गेली नसली, तरी हात बसलेला होता. त्यांनी ग्रुपवर माइकचं बटण दाबलं आणि बंदरावरच्या लिलावाचा आवाज लावला. "आयांनो, धुतलेलं घाला. आन आता पोरं घरी येईपर्यंत कुणी टणटण केली तं बघा!" ग्रुप गपगार झाला.

मग बोईसरच्या कारखान्यातून कुंदन. "आई, रुचिताच्या फोनवर ओटीपी आलाय. गाडीचा विमा भरतोय. लवकर सांग."

"ओटीपी कुणाला द्यायचा नाय. रुचितानं बजावलंय."

"अगं, मी कुंदन! तुझा मुलगा!"

"समदे आदी असंच गोड बोलतात," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पाठ पुरा करून रुचिता खाली आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "आई, झालं! कुणाचे फोन?"

"तुज्या बायांना गप केलं. कुंदनला ओटीपी नाय दिला. आन शाळेतला कोण माणूस होता. बोलला, पाठ आजच ठेवलाय, तीनला या. मी बोलली, उद्याचं ठरलंय तं उद्याच. मग त्यानं मोठ्या बाईंना फोन दिला."

"मुख्याध्यापिकांना?" रुचितानं त्यांच्या कनवटीचा फोन ओढून घेतला. "त्यांना काय म्हणालात?"

"तेच. पोरगी अभ्यास करते, मदीच हाक मारली तं समदं इस्कटंल. तुमी शाळावाले, तुमाला कळाय नको?"

इतक्यात हेल्मेटसकट कुंदन दारात. "आई, हे बघ आधार कार्ड! आता तरी ओटीपी देशील?"

"तुम्ही गप्प बसा हो, माझी नोकरी गेली!" रुचितानं शाळेचा नंबर लावला. "मॅडम, माफ करा, सासूबाईंना कल्पना नव्हती. मी आत्ता निघते, पोचतेच..."

"नको. बरोबर बोलल्या त्या. तुमचा पाठ उद्याच," पलीकडून मॅडम म्हणाल्या. "पण एक विचारू? आमच्याकडे वर्ग चालू असताना पालकांचे इतके फोन येतात, की शिक्षकांना एक तास सलग शिकवता येत नाही. ऑफिसात फोन घ्यायला खमकं माणूस शोधतोय आम्ही. सासूबाई येतील?"

रुचितानं विचारलं, "आणि मी?"

"तुमचा पाठ बघून ठरवू. त्यांचं मात्र आमच्याकडून ठरलंय."

रुचितानं निरोप सांगितला. मंजुळाबाईंनी सुकटातला खडा काढून अंगणात भिरकावला.

"दुपारनंतर येईन म्हनावं, सकाळी मासळी असते. आन त्या मोठ्या बाईंना आताच सांग, मी तिथं असताना त्यांनीपन ऊठसूट कुणाला फोन करायचा नाय."